शेंदराखालचा पत्रा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी स्वयंपाक आटोपून बसल्या असाल, कुणी गटाच्या बैठकीत असाल, कुणाच्या हातात निवडायची डाळ असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आज मी पापड-लोणच्याचं सांगणार नाही. मी एका मोटारीबद्दल बोलणार आहे. सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडात बनलेली, दोनच माणसं बसतील एवढी, डोक्यावर पत्र्याचं छप्पर नसलेली मोटार. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचं तिचं? पण तुमच्या अंगणातला लोखंडी पलंग, शिलाई मशीनचा स्टँड, कडबा कुट्टी आणि गटानं घ्यायला काढलेली जुनी गाडी, या सगळ्यांचा तिच्याशी संबंध आहे. तुमच्या वावरातल्या जवसाचा आणि कपाशीचासुद्धा आहे.

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे ही बाई मोटारीचं का बोलते ते कळेल. माझं माहेर उमरेडकडचं, सासर नागपुरात सीताबर्डीला. लोहापुलाकडून बर्डीच्या बाजाराकडं येताना ज्या गल्ल्या लागतात, त्यातल्या एकीत आमचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटंसं दुकान. पुढं दुकान, मागं घर. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात हातात पाण्याची बादली आणि घासायचा पेपर दिला. म्हणाल्या, "बस वं, जरा मदत कर." ती मदत मी बावीस वर्षं केली. मडगार्ड घासले, दारं घासली, बोनट घासले. रात्री हिशेब व्हायचा, त्यात कारागिराची मजुरी असायची, पोऱ्याची असायची, माझी नसायची. कारण ती मदत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडं परत येणार आहे.

आमच्या घरच्यांचा हात फार चांगला. फवाऱ्याची बंदूक त्यांच्या हातात अशी चालायची, जशी एखाद्या बाईच्या हातात सारवणाची बोटं चालतात. पण पुढं बाजारात नवा रंग आला. दोन डब्यांचा. एका डब्यात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारं द्रव, म्हणजे हार्डनर. दोन्ही मिसळून मारायचं. चकाकी काचेसारखी येते, गिऱ्हाईक खूश होतं. आम्हीही खूश. तोंडाला रुमाल बांधून ते दिवसभर फवारत. मग संध्याकाळी खोकला यायला लागला. मग रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली. आम्ही धुळीला दोष दिला, थंडीला दिला. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही फवारता काय?" मी दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन गेले. त्यांनी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि सांगितलं की या कडक करणाऱ्या द्रवात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्यानं दमा होतो. आणि एकदा का शरीरानं त्याचा धसका घेतला, की पुढं अगदी थोडा वास गेला तरी दम लागतो. रुमालानं ते अडत नाही. बाजारातल्या साध्या मास्कनंही नाही. त्याला बाहेरून नळीनं स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो.

त्या दिवसापासून त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि मी उचलली. दोन डब्यांचा रंग मात्र आमच्या दुकानातून गेला तो गेलाच.

आता मोटारीची गोष्ट. एका वर्षी ज्येष्ठात एक गृहस्थ टेम्पोवर चढवून ही गाडी घेऊन आले. गाडी एम.जी., टी.डी. मॉडेलची. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडात ऑक्सफर्ड गावी विल्यम मॉरिस नावाचा माणूस सायकली दुरुस्त करता करता मोटारींच्या धंद्यात आला, त्याच्या गॅरेजच्या नावावरून हे नाव पडलं. ही टी.डी. गाडी १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत बनली. सुमारे ३०,००० बनल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या तिजोरीत खडखडाट होता. जो कारखाना माल परदेशी विकेल त्यालाच पोलाद मिळायचं. म्हणून असल्या गाड्या देशोदेशी गेल्या. त्यातली ही एक गिऱ्हाइकाच्या आजोबांनी घेतली होती.

मालक म्हणाले, "वहिनी, तुळशीच्या लग्नानंतर पोराचं लगन आहे. वरात याच गाडीतून काढायची. जरा पुट्टी भरून लाल रंग मारून द्या. चकचकीत."

मी खिशातलं चुंबक काढलं. साधं चुंबक, जुन्या स्पीकरमधलं. त्याला फडकं गुंडाळलेलं असतं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. बोनटला लावलं, चिकटलं. दाराच्या वरच्या भागाला लावलं, चिकटलं. दाराच्या खालच्या कडेला लावलं आणि हात सोडला, तर ते टप्पकन खाली पडलं. मडगार्डच्या मागच्या टोकाला लावलं, तिथूनही पडलं. मी म्हटलं, "भाऊ, इथं लोखंड नाही. इथं नुसती पुट्टी आहे. आधीच्या कुणी तरी भोकं बुजवून वरून रंग मारला आहे. मी आणखी एक थर मारीन, वरात निघेल, आणि पुढच्या पावसाळ्यात फोड येतील. तुमचे पैसे जातील आणि माझं नाव."

मारुतीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षं शेंदूर चढतो, तशी ही गाडी. पाच वेळा रंगवलेली. वरून पाहणाऱ्याला ठसठशीत दिसते, आत काय उरलं आहे ते खरवडल्याशिवाय कळत नाही. मालक गप्प बसले. मग म्हणाले, "खरवडा."

खरवडायच्या आधी एक काम असतं, ते कधी चुकवू नका. सुटा होणारा प्रत्येक भाग काढायचा, त्याचा फोटो घ्यायचा, त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून चिठ्ठी लावायची. हे काम आमच्या घरच्यांनी केलं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून बसायचे आणि एकेक स्क्रू रॉकेलनं धुऊन पिशवीत घालायचे. त्या पिशव्या नसत्या तर चार महिन्यांनी आम्हाला ती गाडी जुळवताच आली नसती.

मग रंग उतरवायला घेतला. लाल, त्याखाली पांढरा, पुन्हा लाल, मग करडा, मग हिरवा. हिरव्याखाली काही ठिकाणी केशरी थर लागला. तो पाहून मी पोऱ्याला थांबवलं. जुन्या काळी लोखंडाला गंज लागू नये म्हणून पहिला हात शेंदराचा मारत. खरा शेंदूर म्हणजे शिशाची भस्मासारखी पूड, जवसाच्या तेलात कालवलेली. गंजाला तो फार चांगला अडवतो, पण शिसं अंगात गेलं की विष आहे. लहान मुलांच्या मेंदूवर आणि बाईच्या पोटातल्या बाळावर त्याचा परिणाम होतो. म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, ओला ठेवून घासायचा. खाली प्लॅस्टिक अंथरायचं, लगदा गोळा करायचा, झाडूनं धूळ उडवायची नाही. जाळून तर रंग उतरवायचाच नाही. पोरं जवळ नकोत, गरोदर बाईनं ते काम करायचंच नाही. काम झालं की हातपाय धुऊन मगच घरात जायचं, कपडे वेगळे धुवायचे. घरगुती रंगात शिसं किती असावं यावर आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून कायद्यानं मर्यादा आहे, दहा लाख भागांत ९० भाग. पण तुमच्या घरातला आजीच्या वेळचा पाळणा किंवा वाड्याचा जुना दरवाजा त्याच्या आधीचा आहे. पोरगं त्याचे पोपडे काढून तोंडात घालत असेल तर आजच लक्ष द्या.

आता जवसाचं सांगते. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि घट्ट होऊन त्याची साय धरते. म्हणून आपले बाप-आजे बंडीच्या लाकडाला ते चोळायचे, आणि म्हणूनच तेलरंग त्याच्यावर बनायचे. आपल्या विदर्भाची जवस इंग्रजांच्या काळात जहाजं भरभरून विलायतेला जायची. पण तेलाचा रंग वाळायला वेळ लागे. सुरुवातीच्या मोटारी रंगवून पुऱ्या व्हायला आठवडेच्या आठवडे जात. मग १९२० नंतरच्या काळात दुसराच रंग आला, तासाभरात सुकणारा. तो कशापासून बनला? कापसापासून. सरकीवर जी बारीक लव उरते, तिला तेजाबात मुरवून नायट्रोसेल्युलोज बनवतात, ते थिनरमध्ये विरघळवलं की रंगाचा आधार तयार. म्हणजे बघा, खालच्या थरात जवस, वरच्या थरात कापूस. आणि पोलाद बनवायला मँगनीज लागतं. आपल्या मनसरच्या, भंडाऱ्याकडच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणी त्याच्याच. त्या खाणींत टोपल्या वाहणाऱ्यांत बाया होत्या, आणि इंग्रजांच्या वेळी ते खनिजही जहाजानं विलायतेलाच जात होतं. या गाडीत आपल्या मातीचं काय काय आलं असेल ते कुणी सांगावं. पण विलायती वस्तू म्हणून बुजून जायचं कारण नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

रंग उतरला आणि पत्रा उघडा पडला. दारांच्या खालच्या कडा चाळणीसारख्या झालेल्या. गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि हवा, तिघं एकत्र आले की गंज. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो आणि वरच्या रंगाला फोड आणतो. आपल्याला फोड बाहेर दिसतो, पण सुरुवात आतून झालेली असते. जिथं चिखल अडकतो, पाणी साचतं, हात पोचत नाही, तिथून. पलंगाचा पाय बघा. मधे चांगला असतो, खाली जमिनीला टेकतो तिथं कुजलेला असतो. तसंच हे.

या गाडीत आणखी एक गंमत होती. तिचा सांगाडा लाकडाचा आहे. लोखंडी चासीवर लाकडाची चौकट आणि तिच्यावर पत्रा ठोकलेला. तिकडं त्यासाठी ॲश नावाचं लवचीक लाकूड वापरत. आपल्याकडं बंडीच्या कण्याला धावडा, चाकाला बाभूळ, तसं त्यांच्याकडं ते. दारामागचा खांब हातात भुगा होऊन आला. पत्रा कुजला म्हणून लाकडात पाणी गेलं, आणि लाकूड ओलं राहिलं म्हणून पत्रा आणखी कुजला. आमच्या ओळखीच्या सुतारानं जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान घेतलं. पन्नास वर्षं मुरलेलं लाकूड, आता ते वाकायचं नाही. जुन्या तुकड्यांवरून माप काढून त्यानं नवा खांब केला.

कुजलेला पत्रा कापून नव्या पत्र्याचा तुकडा जोडायचा. एका टोकापासून सरळ वेल्डिंग करत गेलं तर उष्णतेनं पत्रा वाकडा होतो. म्हणून इथं एक टाका, मग तिकडं एक टाका, मधे थंड होऊ द्यायचं. गोधडी शिवताना आधी आपण लांब लांब टाके घालून कापड धरून ठेवतो, अगदी तसं. मग ठोकाठोकी. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी. इथं नवीन माणूस चुकतो. जोरात ठोकलं की पत्रा भाकरीसारखा पातळ होऊन पसरतो. पसरलेला पत्रा मग कुठं जाणार? तो फुगतो आणि डबडब आवाज करतो. त्याला परत आणायचं तर एका ठिकाणी लाल तापवायचं आणि ओल्या फडक्यानं थंड करायचं, म्हणजे तो आवळतो. पण शहाणा कारागीर हलक्या हातानं ठोकतो आणि वेळ घेतो.

हे सगळं होईस्तोवर आषाढ लागला. पावसाळ्यात उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. म्हणून नियम असा की सकाळी घासलेल्या भागाला संध्याकाळच्या आत प्रायमर लागलाच पाहिजे. जेवढं दिवसात झाकता येईल तेवढंच उघडायचं. पुट्टी आम्हीही वापरली, नाही असं नाही. पण दोन-तीन मिलिमीटरच्या आत, आणि नितळ लोखंडावर. पुट्टी भोक बुजवायला नसते, खळगी समतल करायला असते. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची. तिच्यावर प्रायमर बसला की मग पाणी मारून घासायचं. ऐंशी नंबरच्या खरखरीत पेपरापासून सुरुवात, मग बारीक, मग आणखी बारीक.

आणि आता माझ्या बावीस वर्षांच्या मदतीचं सांगते. पत्रा समतल झाला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, कारण प्रायमरला चमक नसते. ते हाताला कळतं. डोळे मिटायचे, तळहात सपाट ठेवायचा आणि लांब फिरवायचा. मधे पातळ सुती फडकं ठेवलं तर आणखी नीट कळतं. जिथं हात किंचित चढतो किंवा उतरतो तिथं खोट. एके दिवशी मी दारावर हात फिरवून म्हटलं, इथं अजून आहे. कारागीर म्हणाला नाही. आम्ही काळ्या रंगाचा हलका फवारा मारला आणि ठोकळ्यावर पेपर लावून घासलं. उंच भागाचा काळा रंग गेला, खोल भागाचा राहिला. बरोबर मी दाखवलेल्या जागी रुपयाएवढा काळा डाग. आमचे घरचे खुर्चीतून म्हणाले, "तिच्या हाताले इचारत जा बाबू." बायांनो, हा हात आयुष्यभर पीठ मळून, भिंती सारवून, निवडून-पाखडून तयार झालेला असतो. तुमच्याकडंही आहे तो.

रंग कोणता मारायचा यावर मात्र वाद झाला. मालकांना तोच दोन डब्यांचा, काचेसारखा पाहिजे होता. मी म्हटलं, "भाऊ, तो रंग या घरात येणार नाही. ते बघा खुर्चीत बसले आहेत ते का बसले आहेत, माहीत आहे ना?" मग म्हटलं, त्या काळच्या गाड्या बहुधा कापसाच्याच रंगानं रंगवत. तोच मारू. गाडी होती तशी होईल. जुन्या गाड्यांची सरकारी नोंद करायची तर मूळ रूप जपलेलं लागतंच. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंद आणि 'व्ही.ए.' अक्षरांची पाटी मिळते, अट हीच की मूळ रूपात फार बदल नको. मालक थोडे थांबले, आणि म्हणाले, "मग लाल पण नको. खाली जो हिरवा निघाला तोच मारा. आजोबांची गाडी हिरवी होती म्हणे."

आमच्या सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "पोराच्या लग्नात हिरवी तर हिरवी, चुडाही हिरवाच राह्यते."

कापसाच्या रंगातही धोका आहे, तो लपवत नाही. त्यात आयसोसायनेट नाही, पण थिनरच्या वाफा आहेत. डोकं धरतं. मास्क वापरून, दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवूनच काम करायचं. आणि तो भडकन पेटतो. बंदुकीच्या दारूच्याच जातीचं ते रसायन आहे. चूल, विडी, देवघरातली समई, काही जवळ नको. जवसाच्या तेलाचीही एक गोष्ट सांगून ठेवते. तेलानं भिजलेली फडकी ढीग करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती मोकळी पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

ऋतूही बघावा लागतो. नागपूरच्या वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा फवारा पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकतो आणि पिठासारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात हवेतली ओल रंगात अडकते आणि वर पांढुरकी झाक येते. म्हणून आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो. मालक दर आठवड्याला येऊन विचारायचे, मी दर आठवड्याला तेच सांगायची. दिवाळी झाल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली आणि पहिला हात मारला. बंदूक वीतभर लांब, हात सरळ, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. पातळ हात, थांबायचं, पुन्हा पातळ हात. जाड मारला की ओघळतो. घाई केली की खालचा ओला राहतो.

हा रंग पॉलिश करायच्या आधी महिनाभर मुरू द्यावा लागतो. पण लगन तर आलं. गाडी पॉलिशविनाच वरातीला गेली. लायटिंगमध्ये कुणाला काही कळलं नाही. मला कळत होतं, म्हणून मी मुलाला सांगितलं होतं की सोमवारी परत आण. पौषात आम्ही तिला बारीक पेपरानं पाण्यातून घासलं, कंपाउंड लावून सुती फडक्यानं चोळलं. तेव्हा कुठं तिच्या दारात आमच्या गल्लीतली तारेवरची चिमणी दिसली. त्यानंतर चार पावसाळे झाले. परवा मी चुंबक घेऊन गेले होते. दाराच्या खालच्या कडेला घट्ट चिकटलं.

आता तुमच्या कामाचं, थोडक्यात. लोखंडी पलंग, फाटक, कुट्टी, मशीनचा स्टँड, काहीही असो. आधी सोड्याच्या पाण्यानं तेलकटपणा धुवा आणि उन्हात कोरडं करा. सैल रंग आणि गंज तारेच्या ब्रशानं काढा, जुना रंग असेल तर ओला ठेवून काढा. थिनरच्या फडक्यानं पुसा. त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. तो शेंदूर नाही, तो गेरूच्या जातीचा. गेरू म्हणजे लोखंडाचाच गंज, पण तेलात कालवून लावला की तोच लोखंड राखतो. दोन पातळ हात प्रायमरचे, वाळल्यावर दोन पातळ हात एनॅमलचे. समोरची बाजू एकदा कमी रंगवली तरी चालेल, पण खालची बाजू, पायाचं टोक, सांधे आणि कडा सोडू नका. मरण तिथूनच येतं.

गटासाठी जुना टेम्पो किंवा जुनी गाडी घेत असाल, तर फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पदराला बांधून न्या. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरची कमान, पायरी, डिकीचा तळ इथं लावा. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथं चिकटणार नाही, ते वेगळं. पण पत्र्याच्या जागी चुंबक पडलं, तर विकणाऱ्याला विचारा, "भाऊ, इथं आत काय आहे?" दिवसाउजेडी बघा, गाडी नुकतीच धुतलेली आणि रंगवलेली असेल तर दुप्पट बघा. गटाचे पैसे एका बाईचे नसतात.

आणि तुमच्या घरात कुणी फवाऱ्याचं काम करत असेल, मोटारीचं असो की फर्निचरचं, तर डब्यावरचं बारीक अक्षर पोराकडून वाचून घ्या. दोन डब्यांचा रंग असेल आणि संध्याकाळी खोकला असेल, तर धुळीला दोष देऊ नका. डबा घेऊन डॉक्टरकडं जा. आम्ही तीन वर्षं उशिरा गेलो.

मुलींना हे काम शिकवायचं असेल तर आय.टी.आय.मध्ये मोटारीच्या बॉडी दुरुस्तीचा आणि बॉडी पेंटिंगचा, असे दोन अभ्यासक्रम असतात. जवळच्या आय.टी.आय.त जाऊन चौकशी करा. मुलीचं काम नाही असं कुणी म्हणालं तर त्याला डोळे मिटून एका दारावर हात फिरवायला सांगा.

शेवटी हिशेबाची गोष्ट. त्या गाडीचे पैसे आले तेव्हा आमच्या घरच्यांनी वही काढली. सुताराचे लिहिले, वेल्डरचे लिहिले, कारागिराचे, पोऱ्याचे. मग माझं नाव लिहिलं आणि पुढं विचारलं, "घासायचे किती दिवस झाले तुझे?" मी म्हटलं, मोजले नाहीत. ते म्हणाले, "मोज." मी मोजले. एकसष्ट दिवस निघाले. बायांनो, तुमच्या घरच्या शेतात, दुकानात, गोठ्यात तुम्ही जे करता त्याला उद्यापासून मदत म्हणू नका. वहीत दिवस लिहा. पैसे मिळोत न मिळोत, आधी लिहा तर खरं.

बरं, डाळ निवडून झाली असेल. पुढच्या वेळी कुणाला काही विचारायचं असेल तर गटाच्या ताईंकडं चिठ्ठी द्या. नमस्कार.